सूर्यनमस्काराची सवय: चहाच्या आधी तीन

पहिल्याच दिवशी पंचवीस नमस्कार घालू नका. दुसऱ्या दिवशी मांड्या आणि दंड भरून येतात, तिसऱ्या दिवशी सुट्टी, आणि मग सगळंच बारगळतं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

पहिले दोन आठवडे रोज फक्त तीन. वेळ घड्याळाला बांधू नका. "सहा वाजता" ठरवलं आणि जाग सव्वासहाला आली, की "आज राहू दे" होतं. रोज न चुकता होणाऱ्या कामाला जोडा: दात घासून झाले की लगेच, चहाचं आधण ठेवायच्या आधी. पोटही तेव्हा रिकामं असतं. सतरंजी रात्रीच अंथरून ठेवा. सकाळी कपाट उघडणंसुद्धा जिवावर येतं.

तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला एक-दोन वाढवत बारापर्यंत जा. वाकताना हात जमिनीला टेकत नसतील तर गुडघे थोडे वाकवा. हिसका देऊन टेकवाल तर कंबर धरेल. पाठदुखी किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज खूण करा. '२१ दिवसांत सवय लागते' यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात साधारण ६६ दिवस निघाले. कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. चुकलेले तीन भरून काढायला दुसऱ्या दिवशी सहा मात्र घालू नका. प्रवासात, घरात पाहुणे असताना एकच घाला, पण घाला.