गावच्या बियाण्याची नोंदवही

दगडी, मालदांडी अशा ज्वारीच्या वाणांचं जुनं बी कुणाकडं आहे, हे आधी घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. निवड आणि साठवण त्यांच्याच हातची. वहीत वाणाचं गावातलं नाव, जमीन, पेरणीचं नक्षत्र लिहा. साठवणीबद्दल ‘बियाला राख लावतात’ एवढं लिहून भागत नाही. राख कशाची, चाळलेली का, दाणा किती वाळलेला, हे हवंच. दाताखाली कट्‌कन फुटला तर वाळला. ओल राहिली की कणगीत बुरशी धरते. मग उगवण तपासा: 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, रोज पाणी शिंपडा, आठवड्यानं मोजा. 75 पेक्षा कमी उगवले तर ते बी पेरणीला नको. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडं नोंद देण्याआधी सांगणारीला वाचून दाखवा, तिची संमती घ्या.