भरूनही विझणारा किचन टॉर्च: माझा अनुभव

किचन टॉर्च म्हणजे पदार्थावरची साखर ज्योतीने भाजायचं, ब्यूटेन गॅसवर चालणारं हातातलं छोटं साधन. माझ्या टॉर्चचं लक्षण असं: गॅस भरताना निम्मा वाल्वपाशीच फवारतो. नंतर ठिणगी पडते, पण ज्योत पिवळी होऊन दोन-तीन सेकंदांत विझते. लातूरच्या मे महिन्यात चार दिवस हेच चाललं, जीव मेटाकुटीला आला. नोझल साफ केलं, गॅसचा डबा बदलला, फरक शून्य.

दोष टाकीतल्या हवेचा आणि उकाड्याचा होता. ब्यूटेन दाबाच्या फरकाने आत शिरतं. टॉर्च डब्यापेक्षा गरम असेल, तर आतला दाबच त्याला अडवतो.

कामी आलं ते याच क्रमाने. अंगणात, शेगडीपासून लांब बसा. टॉर्च बंद, नॉब सर्वांत कमीवर. तळाचा वाल्व बारीक स्क्रूड्रायव्हरने दाबून फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत हवा सोडा. बहुतेक जण हीच पायरी गाळतात. मग टाकी ओल्या पंच्यात गुंडाळून 10 मिनिटं सावलीत ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ती लवकर गार होते. वाल्व कोरडा पुसा. टॉर्च उलटा धरून त्यावर डबा तोंड खाली करून अगदी सरळ टेकवा आणि 5 सेकंद घट्ट दाबा, असं दोन-तीनदा. डबा तिरका झाला की गॅस बाहेर उडतो. त्यानंतर 5 मिनिटं थांबूनच पेटवा.

सुरुवातीला टॉर्च उभाच धरा. लगेच वाकवला तर द्रव गॅस नोझलपर्यंत येऊन भडका उडतो. ज्योत निळी स्थिर झाली की केसर आंब्याच्या कस्टर्डवर एक चमचा साखर पसरून 8-10 सेंटीमीटरवरून गोल फिरवत राहा.