सबप्लॉट नीट बसत नाहीत? मॅटप्लॉटलिबमधल्या या चुका टाळा

पायथॉनच्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या लायब्ररीत सबप्लॉट (एकाच फिगरमधले, म्हणजे पूर्ण चित्रातले, छोटे आलेख) एकमेकांवर चढले की सबप्लॉट्स_अ‍ॅडजस्ट या कडा नि फटी ठरवणाऱ्या फंक्शनमधले आकडे वाटेल तसे बदलून बघू नका. आधी त्या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्या. निम्मा त्रास तिथेच संपतो.

उजवीकडे थोडी जागा सोडायची म्हणून राइट=0.1 लिहिणं ही सर्रास होणारी चूक. हा आकडा म्हणजे समासाची रुंदी नव्हे, तर सबप्लॉटची उजवी कडा फिगरच्या डाव्या टोकापासून कुठे येणार, ते 0 ते 1 मध्ये सांगणारं स्थान. मुळात लेफ्ट 0.125 आणि राइट 0.9 असतं. राइट 0.1 केलंत की उजवी कडा डावीच्याही मागे जाते आणि व्हॅल्यूएरर (चुकीच्या किमतीची त्रुटी) येतो. दहा टक्के जागा हवी असेल तर 0.9च लिहायचं. टॉपचंही तसंच, तो खालून मोजतात.

डब्ल्यूस्पेसचं, म्हणजे रकान्यांमधल्या फटीचं, गणित वेगळं. ते सबप्लॉटच्या सरासरी रुंदीच्या प्रमाणात असतं. दहा इंची फिगरमध्ये दोन रकाने असतील तर 0.2 म्हणजे सुमारे 0.7 इंच फट. पाच रकाने केले की तीच फट जेमतेम 0.27 इंच उरते. अक्षरांचा आकार मात्र तेवढाच, म्हणून लेबलं एकमेकांवर आदळतात. रकाने वाढवलेत तर डब्ल्यूस्पेस किंवा फिगसाइझही (फिगरचा आकार) वाढवा.

टाइट_लेआउट (मोकळी जागा आपोआप जुळवणारं फंक्शन) शीर्षकं, लेबलं लावून झाल्यावरच बोलवा. ते त्या क्षणी जे आहे तेवढंच मोजतं, नंतर जोडलेलं त्याच्या हिशेबात नसतं.

फिगर बनवताना लेआउट='कन्स्ट्रेन्ड' (जागा आपोआप वाटून देणारी पद्धत) दिलं असेल तर सबप्लॉट्स_अ‍ॅडजस्ट चालतच नाही, फक्त वॉर्निंग येते. ती वॉर्निंग वाचा! दोन्ही पद्धती एकत्र करू नका. माझ्या मते नव्या कोडमध्ये कन्स्ट्रेन्डच वापरावं. कलरबार (रंगांचा अर्थ दाखवणारी पट्टी) आणि मुख्य शीर्षक ते छान सांभाळतं.

एखाद्या सबप्लॉटची जागा हाताने ठरवणाऱ्या सेट_पोझिशनमध्ये तिसरा आकडा रुंदीचा आणि चौथा उंचीचा, राइट-टॉप नव्हे.

आणि डब्ल्यूस्पेस=0 देऊनही आयएमशो या फंक्शनने दाखवलेल्या चित्रांमधली फट जात नसेल, तर कारण उंची-रुंदीचं प्रमाण, म्हणजे अ‍ॅस्पेक्ट. पिक्सेल चौरस राखण्यासाठी चौकटच आक्रसते. फिगसाइझ चित्रांच्या प्रमाणात घ्या किंवा 3.6 आवृत्तीपासून आलेलं लेआउट='कम्प्रेस्ड' वापरा. अ‍ॅस्पेक्ट='ऑटो'नेही फट जाते, पण चित्र ताणलं जातं; नकाशा किंवा एक्स-रे असेल तर तो मार्ग नकोच.