फटाकडी मोजायला निघालात? आधी तो स्पीकर बंद करा

दर पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवच्या बाजूला, कुणीतरी नवा गडी पक्षी मोजायला डोंगीत, म्हणजे छोट्या होडीत, बसतो आणि बूड टेकायच्या आत मोबाईलला स्पीकर जोडतो.

पाण्यात उगवणाऱ्या पाणकणसाच्या उंच दाटीत दडणारे पक्षी, म्हणजे फटाकडी, पांढऱ्या छातीची पाणकोंबडी, तापस, दिसण्याआधी ऐकू येतात हे खरं. ध्वनिमुद्रण लावून त्यांना बोलतं करायची रीतही आहे. आधी ५ मिनिटं गप्प बसून ऐकायचं, मग एकेका जातीसाठी ३० सेकंद आवाज नि ३० सेकंद शांतता. बास, पुढचा थांबा. पण उतावळ्यांचे हात त्या पहिल्या ५ मिनिटांतच शिवशिवतात.

एका जुलैत आमच्या डोंगीतल्या पोरानं पाणकोंबडीचा आवाज लावला. कणसापलीकडून लगेच उत्तर आलं. पुन्हा लावला, पुन्हा उत्तर. २० मिनिटं ही जुगलबंदी चालली आणि तक्त्यात ‘बहुधा जोडी’ लिहूनही झालं. वल्हवणारे आप्पा गालात हसत होते. शेवटी म्हणाले, “भाऊ, ही कोंबडी दर वेळी मोजून तितकंच ओरडून राह्यली.” वळसा घालून पाहतो तर दुसरी डोंगी, दुसरा स्पीकर! त्यांच्या तक्त्यात आमचीही ‘जोडी’ होती. तेव्हापासून स्पीकर माझ्याच पिशवीत असतो. घरट्यावरच्या पक्ष्याला नसलेल्या शत्रूशी तासभर भांडायला लावणं, याला मी मोजणी म्हणत नाही.

दुसरी खोड म्हणजे पाणी न पाहता आत शिरणं. खाडीवाल्यांना भरती-ओहोटीच्या वेळा आधीच ठाऊक असतात. आपल्या तापीला भरती भेटते ती पार सुरतेकडे. इथे पाणी चढतं-उतरतं ते धरणाच्या ४१ दरवाजांच्या हिशेबानं. पाऊस बैतूलकडे नाहीतर पूर्णेच्या अंगानं अकोल्याकडे पडतो आणि लोंढा इथे येतो, तेव्हा आपल्या डोक्यावरचं निळं आभाळ काही कामाचं नाही. एकदा उतरत्या पाण्यात आमची डोंगी गाळात बसली. कमरेएवढ्या चिखलात उतरून ढकलली. वही भिजली, सकाळ वाया गेली. आता मी काठावर बांबू रोवून पाण्याच्या रेषेला लाल चिंधी बांधतो आणि येता-जाता तिच्याकडे बघतो. दरवाजे उघडणार असल्याचं आदल्या संध्याकाळी कळलं, तर डोंगी काठावरच राहते.

बाकीचं थोडक्यात. नाश्ता करून ९ वाजता निघू नका, सूर्य उगवायच्या आधी पाण्यात असा. कणसांचे शेंडे सारखे डुलत असतील तर वारा जास्त आहे, परत फिरा. वल्हं डोंगीच्या कडेवर आपटतं, म्हणून मी तिथे सायकलची जुनी ट्यूब गुंडाळतो. फोटोसाठी कणसात डोंगी घुसवू नका, आत घरटी असतात. ‘मला पोहता येतं’ म्हणून लाइफ जॅकेट नाकारणाऱ्याला मी सोबत घेत नाही; कणसाच्या मुळ्यांत पाय अडकला की पोहणं संपलं.

डिसेंबरात फिरून ‘पाणकोंबडी नाही’ असं तर मुळीच लिहू नका. पावसाळ्यात गाव डोक्यावर घेणारी ही बाई हिवाळ्यात तोंड उघडत नाही.

आणि ओळखू न आलेल्या आवाजापुढे सरळ प्रश्नचिन्ह टाका. माझ्या गेल्या पावसाळ्याच्या वहीत तीच जास्त आहेत.