फायब्रोमायल्जियासाठी डोक्याला मशीन लावायची असन तर आधी हे वाचा

फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर, महिनोन् महिने राहणारं दुखणं, आणि त्याच्यासाठी आता डोक्याला मशीन लावून मेंदूला बारीक करंट देतात. सगळ्यात पहिले एक गोष्ट, ही शॉक ट्रीटमेंट नाही. आपल्याकडे डोक्याला मशीन लावतात म्हटलं की अर्धं गाव नागपूरच्या पागलखान्याचं नाव काढते आणि मग पेशंट घरातून निघतच नाही. शॉकमध्ये भूल देऊन मुद्दाम झटका आणतात. इथे भूल नाही, मुद्दाम आणलेला झटका नाही, पेशंट खुर्चीवर जागा बसून राहते आणि झालं की उठून एसटी पकडते.

प्रकार दोन. आरटीएमएसमध्ये डोक्यावर कॉइल धरतात, तिच्यातले चुंबकाचे ठोके कवटीतून आत जातात आणि मेंदूच्या वरच्या थरात बारीक करंट तयार होतो, हे १९८५ ला इंग्लंडच्या शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या टीमनं पहिल्यांदा करून दाखवलं. टीडीसीएस त्याहून साधं, मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, १ ते २ मिलिअँपिअर करंट, २० मिनिटं, बस. आता दुखते अंग तर डोक्याला काऊन? कारण या आजारात सांधे किंवा स्नायू खराब नसतात, दुखण्याचा सिग्नल मेंदूत वाढून पोचते, रेग्युलेटर पाचवर अडकलेल्या पंख्यासारखं.

पण मशीनच्या आधी आजार पक्का करा, इथे घाई नको. दुखणं अंगभर आणि कमीत कमी ३ महिन्यांचं पाहिजे, सोबत झोप होऊनही थकवा, डोकं जड. थायरॉइड, बी१२, व्हिटॅमिन डी, हिमोग्लोबिन, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) पाहून घ्या. आणि आपल्या भागात सिकलसेल (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) विसरू नका बाप्पा, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर सगळीकडे पेशंट आहेत आणि हाडं दुखणं हे त्याचंही लक्षण आहे, पीएचसीत साधी तपासणी होते. मागं चिकनगुनिया होऊन गेला असन तर तेही सांगा, त्याचे सांधे महिनोन् महिने दुखतात. आमच्या काकूला हे काही न पाहता गावातल्या डॉक्टरनं नुसते इंजेक्शन मारले, दर आठवड्याला एक.

मशीन बहुतेक मानसोपचाराच्या डॉक्टरकडे असते, कारण अमेरिकेत एफडीएनं (औषधं-मशीनला मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) २००८ ला आरटीएमएसला मंजुरी दिली ती डिप्रेशनसाठी. म्हणून त्या बोर्डाखाली जायला लाजू नका. मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत आधी विचारा, नाही म्हणाले तर प्रायव्हेट.

फायदा किती, ते खरं खरं सांगतो. युरोपच्या तज्ञांच्या २०२० च्या गाइडलाइनमध्ये फायब्रोमायल्जियासाठी आरटीएमएसला बी लेव्हल दिली आहे, म्हणजे फायदा होण्याची बऱ्यापैकी शक्यता. २०१८ चा कोक्रेन रिव्ह्यू (सगळ्या जुनाट दुखण्यांवरचे अभ्यास एकत्र तपासलेला अहवाल) मात्र म्हणते की पुरावा कच्चा आहे आणि आराम छोटा, थोड्या दिवसांचा. जो कोणी आजार मुळापासून जाईन म्हणते आणि आधीच पूर्ण पॅकेजचे पैसे मागते त्याच्याकडून सरळ उठून या. पैसे तंग असतील तर माझं मत, आधी रोजचं चालणं आणि डॉक्टरनं दिलेली गोळी नीट करून पहा, व्यायामाचा पुरावा या मशीनपेक्षा जास्त भक्कम आहे.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका. दुखण्यावर ट्रामाडॉल सर्रास देतात, त्यानं फिट यायची शक्यता वाढते, डॉक्टरला माहीत पाहिजे. आधी कधी फिट आली असन, पेसमेकर असन, डोक्यात ऑपरेशनमध्ये बसवलेली धातूची क्लिप किंवा कानात इम्प्लांट असन, दिवस गेले असतील, तर हे विचारायची वाट न पाहता सांगा. रात्रभर जागून जाऊ नका. डोक्याला तेल लावू नका, केस धुऊन जा, पिना आणि कानातले काढून ठेवा.

पहिल्या दिवशी कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला थोडी थोडी सरकवतात आणि उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहत राहतात. अंगठा आपोआप उडला की जागा सापडली, त्यावरूनच पॉवर ठरवतात. दुखण्यासाठी पॉवर त्याच्यापेक्षा कमी ठेवतात म्हणून पुढं हात उडत नाही, नुसतं डोक्यावर टकटक होते. आवाज मोठा असते, कानात बोळे मागून घ्या. नंतर थोडं डोकं दुखू शकते. टीडीसीएसमध्ये स्पंजखाली खाज, मुंग्या येतात. जळजळ झाली तर सहन करत बसू नका, लगेच सांगा, स्पंज सुकला की कातडी भाजू शकते. व्हिडिओ पाहून बॅटरी जोडून घरी करायचं तर डोक्यातही आणू नका.

सिटिंग सहसा आठवड्यातून ५ दिवस, २ आठवडे किंवा जास्त. मधे खाडे झाले की पैसे पाण्यात, म्हणून कापसाच्या वेच्यात किंवा सोयाबीन काढणीत सुरूच करू नका. होळीनंतर बरं पडते, फक्त सकाळची वेळ घ्या, आपलं ऊन माहीतच आहे. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तरी रोजच्या प्रवासानं दुखणं वाढत असन तर शहरात नातेवाइकाकडं राहिलेलं बरं.

सुरू करायच्या आठवडाभर आधीपासून वहीत रोज लिहा, दुखणं १० पैकी किती, झोप कशी, भाकरी थापता आली का, पाण्याचा गुंड उचलता आला का. चालू गोळ्या मनानं बंद करू नका. कोर्स संपला की वही डॉक्टरपुढं ठेवा. फरक दिसला तर पुढं किती दिवसांनी एक-एक सिटिंग लागन आणि त्याचा खर्च किती ते विचारा, वही तशीच्या तशी असन तर दुसरा कोर्स घेऊ नका.