ब्रँच भरण्याआधी: मामेबहिणीसाठी यादी

मामेबहीण धुळ्याला इंटर्न आहे. नीट पीजीचं, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएसच्या प्रवेशाचं, काउन्सेलिंग तोंडावर आलंय आणि रोज रात्री फोन: "दादा, कुठली ब्रँच घेऊ?" तेच तेच बोलून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. तिच्यासारखे आणखी असतील तर त्यांनीही वाचावं.

मार्कशीट, इंटर्नशिपचा दाखला, जातीचे दाखले, त्यांच्या झेरॉक्स. हे सांगायची गरज नाही. नॉन-क्रीमीलेअरची तारीख तेवढी बघ.

आता मुख्य. पीजीचे ऑप्शन भरण्याआधी नीट एसएसची माहितीपुस्तिका उघड. हो, एसएसची, सुपरस्पेशालिटीची. अजून तीन वर्षांनी द्यायच्या परीक्षेची. त्यात प्रत्येक डीएम आणि एमसीएचसमोर (एमडी-एमएसच्या पुढच्या पदव्या) आधीची कोणती पदवी चालते ते छापलेलं असतं. तो रकाना स्वतः वाच. सीनियरने सांगितलेलं नको, कोचिंगच्या सरांनी सांगितलेलं नको, माझंही नको.

मी वाचला नव्हता. रँक बरी होती, घरापासून लांब एमडी पीडियाट्रिक्स मिळत होतं. पण त्या वर्षी केळीला भाव नव्हता आणि नाना रोज विचारायचे, "आते कितला वरीस शिकशी?" डिप्लोमा दोन वर्षांत उरकतो, म्हणून बालरोगाचा डिप्लोमा घेतला. डोक्यात मात्र पहिल्यापासून निओनेटॉलॉजी, नवजात बाळांची ब्रँच. डिप्लोमा संपल्यावर कळलं की डीएमच्या परीक्षेला एमडी किंवा त्याच्या तोडीची नॅशनल बोर्डाची डीएनबीच लागते, नुसत्या डिप्लोमावर बसूच देत नाहीत. मग पोस्ट-डिप्लोमा डीएनबीची वेगळी परीक्षा, तिची तयारी करण्यात एक वर्ष, वर डीएनबीची दोन वर्षं. तीन वर्षांच्या कामाला पाच लागली. एक रकाना वाचला असता तर!

डिप्लोमा वाईट असं म्हणत नाही. चोपड्यात, शहाद्यात दवाखाना टाकून बसायचंय आणि पुढं काही करायचं नाही, तर दोन वर्षांचा डिप्लोमा शहाणपणाचा. पण पुढचं मनात असेल तर आधी तो रकाना. कुठली ब्रँच कुठं पोचवते हे अंदाजाने ठरवू नकोस. अॅनेस्थेशियातून क्रिटिकल केअरला जाता येतं, कार्डिओलॉजीला नाही. रेस्पिरेटरी मेडिसिनमधून कार्डिओलॉजीला जाता येतं, हे कितीजणांना माहीत असतं? यादी बदलतेही, म्हणून चालू वर्षाची पुस्तिका घे.

'फेलोशिप' या शब्दाला भुलू नकोस. नॅशनल बोर्डाची एफएनबी वेगळी: दोन वर्षं, देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. एखाद्या मोठ्या हॉस्पिटलचं वर्षभराचं प्रमाणपत्र वेगळं. कामाचं दोन्हीकडे असेल, पण डीएम यातलं एकही नाही. विचारताना सरळ विचार, पदवी कोण देतं आणि प्रवेश कशावर.

मग गर्दी. एसएसला १५० प्रश्न, चुकलं की एक मार्क जातो, आणि पेपर फीडर ब्रँचच्या गटाचा असतो. म्हणजे बालरोगातून आलेल्या सगळ्यांना एकच पेपर, मग कुणाला निओनेटॉलॉजी हवी असो की पीडियाट्रिक न्यूरोलॉजी. मेडिसिनच्या गटात कार्डिओ आणि गॅस्ट्रोसाठी रांग लागते, आणि दुसरीकडे हृदयशस्त्रक्रियेच्या, लहान मुलांच्या शस्त्रक्रियेच्या जागा रिकाम्या राहतात. सीट सोपी मिळते म्हणून उडी मारू नकोस. रिकामी का राहते ते विचार: शिकायला वर्षं जास्त, कमाई उशिरा, आणि गावाकडं परत आलीस तर ऑपरेशन करायला सेटअपच नाही. एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या मेडिकल काउन्सेलिंग कमिटीच्या, साइटवर फेरीनिहाय निकाल असतात. दोन-तीन वर्षांचे उतरवून घे, शेवटची रँक कुठं थांबली ते दिसेल.

आपल्याकडे काय चालेल हा वेगळा हिशोब. अक्कलकुवा-धडगावकडे कमी वजनाची बाळं आणि सिकलसेल, दोन्ही आहेत, आणि नंदुरबारचे पेशंट आजही सुरतेची गाडी धरतात. म्हणजे गरज आहे. पण निओनेटॉलॉजिस्ट एकटा काय करणार? व्हेंटिलेटर, रात्रपाळीच्या शिकलेल्या नर्स, न जाणारी वीज. रेडिओलॉजीला पुढं काही न करताही भागतं, मात्र पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याची) कागदपत्रं आयुष्यभर सांभाळावी लागतात. तुला फॉर्म भरायचा एवढा कंटाळा, म्हणून सांगतोय.

ज्या ब्रँचचा विचार आहे तिच्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटबरोबर एक अख्खी रात्र काढ. त्यांच्या सरांबरोबर नको. सर दुपारी दोनला घरी जातात.

बाँड. महाराष्ट्रात सरकारी सीट असेल तर पीजीनंतर एक वर्ष सरकारी सेवा, नाही केली तर ५० लाख दंड. ते वर्ष एसएसच्या तारखेशी कसं बसतं ते आत्ताच कॅलेंडरवर मांड, आणि त्याच वेळी, पुन्हा सांगतो, पात्रतेचा रकाना बघ. वाचलास का? नाही ना. मला माहीत होतं.

काउन्सेलिंग: ऑल इंडियाचे ५० टक्के एमसीसीकडून, राज्याचं सीईटी सेलकडून, दोन्हीकडे नाव नोंदव. ऑप्शन आवडीच्या क्रमाने भर, मिळेल की नाही याच्या क्रमाने नाही. डिपॉझिट कधी बुडतं ते फेरीनुसार बदलतं, नियम वाच. लॉक करण्याआधी प्रिंट काढ.

पीजीच्या तीन वर्षांचं काय सांगू, थिसिस लवकर उरक, झोप.

मामांना सांग मीच फोन करतो, 'अजून किती वर्षं' याचं उत्तर मी देईन. तू तोवर ती पुस्तिका डाऊनलोड कर आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट मला पाठव.