घरातले कोळी, पाली आणि पावसाळी पाहुणे: कोणाला राहू द्यायचं, कोणाला कसं हलवायचं

भिंतीवर रात्री दिसणारा तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी जाळं विणत नाही, झुरळं धरतो. छताच्या कोपऱ्यात उलटा लटकणारा, लांब बारीक पायांचा कोळी डास आणि चिलटं खातो. खिडकीपाशी टुणकन उडी मारणारा इवलासा कोळी माश्या टिपतो. यातला कोणीच आपणहून चावायला येत नाही. मोठा कोळी हाताखाली दाबला गेला तर चावतो, दुखतं, जरा सूज येते. जागा साबणाने धुऊन फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं लावला की बहुतेक वेळा भागतं.

जळमटं काढताना आधी नीट बघा. धूळ बसून काळपट झालेलं, लोंबणारं जाळं बहुधा रिकामं असतं, ते खुशाल काढा. कोळी बसलेलं जाळं गॅसच्या किंवा देवाच्या वर नसेल तर राहू द्या.

मोठा कोळी बाहेर न्यायचाच असेल तर पेला घेऊ नका. पेल्याचं तोंड लहान, त्यामुळे पाय कडेखाली सापडून तुटतात. किमान १२ सेंमी तोंडाचा पारदर्शक डबा आणि जाड पुठ्ठा घ्या; लग्नपत्रिकेचा चालतो. डबा हळू जवळ नेऊन सरळ त्याच्यावर टेकवा. लगेच पुठ्ठा सरकवायची घाई करू नका. कोळी आधी भिंतीला चिकटून राहतो, मग पाय आखडून डब्याच्या आतल्या बाजूवर चढतो. तो चढला की पुठ्ठा भिंतीलगत सरकवा. पोटाखाली पांढरी गोल चकती धरलेली दिसली तर ती मादी आहे आणि चकतीत अंडी आहेत. डब्याला धक्का देऊ नका. सोडायचं संध्याकाळी, कुंड्यांच्या मागे किंवा लाकडांजवळ. भर उन्हात फरशीवर सोडलात तर कावळा किंवा साळुंकी टिपते.

आता ज्याचा आळ कोळ्यावर आणि पालीवर येतो तो कीटक. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर किंवा दंडावर जळजळणारा लाल पट्टा दिसतो, मग फोड येतात, आणि ‘कोळी चावला’, ‘पाल मुतली’ असं ठरतं. पुष्कळदा हे काम मुंगीसारख्या दिसणाऱ्या, सेंटीमीटरभरही लांब नसलेल्या नारिंगी-काळ्या कीटकाचं असतं. तो चावत नाही, डंखही मारत नाही. अंगावर चिरडला की त्याच्या शरीरातला द्रव कातडी भाजतो, आणि परिणाम साधारण दिवसभराने दिसतो, म्हणून कारण लक्षात येत नाही. अंगावर बसला तर चापट मारू नका. फुंकर घाला किंवा कागदावर चढवून झटका. चिरडलाच तर ती जागा आणि हात लगेच साबणाने धुवा, तोवर डोळ्याला हात लावू नका. दिवे लावायच्या आधी जाळीची खिडकी बंद करा, झोपताना चादर झटका.

झुरळांसाठी घरभर औषध फवारलं की कोळी आधी मरतात. झुरळांच्या अंड्यांच्या कुप्यांत मात्र औषध शिरत नाही. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा त्यांना खाणारं कोणी उरलेलं नसतं. त्यापेक्षा जेल वापरा: कपाटाच्या बिजागऱ्या, फ्रिजची मागची बाजू, सिंकखाली मसुराएवढे ठिपके. तिथे फवारा मारू नका, नाहीतर झुरळं जेलकडे फिरकत नाहीत.

उंदरांसाठी चिकट पुठ्ठे आणूच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यात पाली आणि कधी सापही अडकून तडफडतात. पाल अडकली असेल तर कापसाने तिच्या पायांच्या कडेला खायचं तेल लावा, नाकावर नको. पाच-दहा मिनिटं थांबा, तेल मुरलं की ती सुटते. ओढलंत तर कातडी सोलते.

साप येतो तो उंदीर, बेडूक किंवा पालीमागे. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी लावा, सरपण भिंतीपासून दोन फूट लांब आणि विटांवर रचा. फिनेल, डांबरगोळ्या यांच्या भरवशावर राहू नका. घरात साप दिसला तर सात-आठ फुटांवरून एकाने नजर ठेवावी, बाकीच्यांनी इतर खोल्यांची दारं लावून वन विभागाला १९२६ वर फोन करावा.

पालींमागे भिंत चढणारा पट्ट्यांचा साप बिनविषारी कवड्या असू शकतो, पण अतिविषारी मण्यारही तसाच दिसतो. ओळखायच्या भानगडीत पडू नका. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि दंश अनेकदा जाणवतही नाही. म्हणून खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. पहाटे कारण नसताना पोट दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर खूण शोधत बसू नका. काही बांधू नका, कापू नका. माणसाला चालू न देता १०८ बोलवा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या.